कार्यशाळेतला गॅस हीटर: दोन हिवाळ्यांच्या वापरानंतर

घराला लागून असलेल्या माझ्या लाकूडकामाच्या कार्यशाळेत मी दोन हिवाळे एक गॅस हीटर वापरला आहे. तो छताला टांगलेला आहे, पंख्याने गरम हवा फेकतो आणि जळालेला वायू नळीवाटे बाहेर सोडतो. त्याच्याविषयी लिहायला इतका वेळ लागण्याचे कारण असे की पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी लिहायला बसलो असतो, तर हा हीटर कोणीही घेऊ नये असे मी ठासून लिहिले असते, आणि ते निम्मे चुकीचे ठरले असते. उरलेले निम्मे मात्र आजही खरे आहे, म्हणून हा लेख निव्वळ कौतुकाचा होणार नाही.

हीटरची गॅस जाळण्याची क्षमता १३ किलोवॅट आहे. त्यातली साधारण ८० टक्के उष्णता खोलीत उतरते, म्हणजे प्रत्यक्षात हाती दहा किलोवॅटच्या आसपास लागते. माझी खोली चाळीस चौरस मीटरची आहे आणि इंधन प्रोपेन आहे. त्याची टाकी अर्थातच बाहेर आहे. नळी नसलेला, जळालेला वायू खोलीतच सोडणारा हीटर बसवायला सोपा आणि दिसायलाही सुटसुटीत असतो, पण हत्यारे असलेल्या जागेत तो मला कधीच पटला नाही. एक किलो प्रोपेन जळाला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. माझा हीटर तासभर अखंड पेटला तर जवळजवळ एक किलो गॅस खातो. म्हणजे नळी नसती तर दर तासाला दीड लिटर पाणी करवतीच्या बिडाच्या मेजावर, पटाशांवर आणि रंध्याच्या पात्यांवर बसायला मोकळे झाले असते. कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न त्याहून गंभीर आहे, त्याकडे पुढे येतो.

ऊब देण्याच्या कामात हीटर चोख आहे, आणि त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. गारठलेल्या सकाळी अर्ध्या-पाऊण तासात खोली गोंद लावण्याजोगी होते. लाकूड चिकटवण्याचा पांढरा गोंद साधारण १० अंश सेल्सियसच्या खाली नीट धरत नाही आणि सांध्यात खडूसारखा पांढरट दिसू लागतो, त्यामुळे माझ्या दृष्टीने हीच खरी कसोटी होती. पंख्याचा आवाज संभाषणाच्या आड येत नाही. हवेचा झोत वळवण्याच्या पट्ट्या मात्र पातळ पत्र्याच्या आहेत आणि त्यातली एक पहिल्याच महिन्यात सैल होऊन थरथरू लागली. तिला मी पक्कडीने चिमटा काढून गप्प केले.

दुखणे सुरू झाले ते दुसऱ्या महिन्यात. बर्नर पेटायचा, निळी ज्योत चार-पाच सेकंद सरळ उभी राहायची, आणि मग गॅसची झडप टक् असा आवाज करून बंद व्हायची. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रयत्न, पुन्हा टक्. तीनदा असे झाले की हीटर तासभर काहीही करायला नकार द्यायचा. सेवेसाठी आलेल्या तंत्रज्ञाने दहा मिनिटांत निदान केले की कंट्रोल बोर्ड, म्हणजे हीटरचे सारे काम क्रमाने चालवणारे विजेचे सर्किट, गेला आहे, आणि तो बदलला. हीटर नऊ दिवस उत्तम चालला. दहाव्या दिवशी पुन्हा टक्. दुसऱ्यांदा आल्यावर त्यांनी नवा बोर्डही सदोष असावा असे सुचवले, तेव्हा मी नम्रपणे नकार दिला आणि त्या रात्री हीटरबरोबर आलेली पुस्तिका पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली.

अशा हीटरचा दोष शोधताना सुटे भाग एकेक करून बदलण्यात अर्थ नसतो. तो कोणत्या क्रमाने चालतो आणि त्या क्रमात नेमका कुठे अडतो, हे पाहावे लागते. थर्मोस्टॅटने ऊब मागितली की आधी धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा सुरू होतो. नळीतून खरोखर हवा वाहते आहे याची खात्री एक प्रेशर स्विच करतो. तो जुळला की ठिणगी पडू लागते, मग गॅसची झडप उघडते, बर्नर पेटतो, आणि ज्योत आहे हे काही सेकंदांत सिद्ध झाले तरच झडप उघडी राहते. त्यानंतर अर्ध्या मिनिटाने मोठा पंखा फिरू लागतो. माझा हीटर पेटत होता. म्हणजे गॅस येत होता, ठिणगी पडत होती, प्रेशर स्विच जुळत होता. अडत होते ते फक्त ज्योत सिद्ध होण्यापाशी. हे लक्षात आल्यावर शोधायची जागा एका वीतभर लांबीत मावली.

जुन्या, सतत तेवणाऱ्या पाइलट ज्योतीच्या हीटरांत हे काम थर्मोकपल करते: ज्योतीने तापलेले त्याचे टोक पंचवीस-तीस मिलिव्होल्ट वीज स्वतःच निर्माण करते आणि त्या विजेवर झडप उघडी राहते. माझ्या हीटरात थर्मोकपल नाही, फ्लेम सेन्सर आहे, आणि त्याची युक्ती मला फार आवडली. सेन्सर म्हणजे चिनी मातीच्या बुडात बसवलेली, ज्योतीत डोकावणारी एक साधी धातूची काडी. बोर्ड त्या काडीला प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेचा दाब देतो. ज्योतीतले आयन वीज वाहून नेतात. पण काडी लहान आणि तिच्यासमोरचा, अर्थिंग केलेला बर्नर तिच्या कितीतरी पट मोठा असल्यामुळे वीज एका दिशेने सहज वाहते, दुसऱ्या दिशेने नावापुरतीच, आणि उरतो तो एकाच दिशेचा, मायक्रोअँपियरमध्ये मोजावा लागणारा प्रवाह. काडी चुकून बर्नरला टेकली तर प्रवाह दोन्ही दिशांनी सारखाच वाहील, त्यामुळे बोर्ड फसत नाही. ज्योतीशिवाय दुसऱ्या कशालाच ती खूण जमत नाही. इतकी हुशार योजना एका काडीच्या स्वच्छतेवर आणि एका स्क्रूच्या घट्टपणावर अवलंबून असते, हे मात्र पुस्तिकेत एका ओळीत उरकले आहे.

पुस्तिकेनुसार हा प्रवाह किमान १ मायक्रोअँपियर हवा. वीज बंद करून मी सेन्सरची तार काडीपासून सोडवली, मल्टिमीटर मायक्रोअँपियरच्या पट्टीवर ठेवून त्याची एक चिमटी तारेला आणि दुसरी काडीला लावली, आणि मग हीटर सुरू केला. त्या तारेवर वीज असते, म्हणून चालू हीटरवर ही जुळणी करू नये. आणि साध्या मल्टिमीटरवर मायक्रोअँपियरची पट्टी नसते, हे मोजायला बसण्यापूर्वी पाहून घ्यावे. ज्योत उभी राहिली, आकडा थरथरत ०.६ वर आला, आणि टक्.

पहिला अपराधी अनपेक्षित निघाला. बोर्डापासून निघालेली अर्थिंगची हिरवी तार हीटरच्या चौकटीला ज्या स्क्रूने जोडलेली होती, त्या स्क्रूखालचा पत्रा कारखान्यातून रंगवलेलाच आला होता. स्क्रूचे आटे जेवढे लोखंडाला भिडतील तेवढाच काय तो संपर्क. परतीची वाट इतकी अरुंद असेल तर ज्योत कितीही चांगली असून उपयोग नाही. मी स्क्रू काढला, चपातीच्या तुकड्याएवढी नव्हे, बोटाच्या नखाएवढी जागा खरवडून रंग काढला, दातेरी वायसर घालून स्क्रू आवळला आणि पुन्हा मोजले: १.३. नव्या बोर्डाचा नऊ दिवसांचा चमत्कारही येथेच उलगडला. बोर्ड बदलताना हाच स्क्रू सुटून पुन्हा आवळला गेला होता. पंख्याच्या थरथरीने तो सैल होईपर्यंत हीटर चालला, आणि श्रेय बोर्डाला मिळाले.

त्यानंतर काडी बाहेर काढली. तिच्यावर काजळी असेल अशी माझी कल्पना होती, पण काजळी नव्हती. ज्योतीत बुडणाऱ्या टोकावर राखट पांढरा, काचेसारखा कडक थर होता. नखाने खरवडला तर नखच घसरत होते. बारीक स्टील वूलने तो हळूहळू निघाला. पॉलिश पेपर मी मुद्दाम वापरला नाही, कारण त्याने पडलेल्या ओरखड्यांत पुढचा थर अधिक लवकर धरतो. काडी पुसून परत बसवल्यावर आकडा ३.१ झाला आणि हीटर सुरळीत चालू लागला. येथे मी विजयाच्या भरात मोजणे थांबवले असते तर पुढचे कळलेच नसते. पण तीन आठवड्यांनी सहज पुन्हा मीटर लावला, तर आकडा १.४ वर उतरलेला.

तीन आठवड्यांत एवढी घसरण ही काही नैसर्गिक झीज नव्हती. हा हीटर जळण्यासाठी लागणारी हवा खोलीतूनच घेतो, त्यामुळे खोलीच्या हवेत जे असेल ते ज्योतीतून जाते. लाकडाची धूळ जळून थोडी राख होते हे खरे, पण राख अशी काचेसारखी चिकटत नाही. उत्तर कपाटात होते: खणांच्या पट्ट्यांवर आणि रबरी पट्ट्यांवर मी सढळ हाताने मारत असलेला सिलिकोनचा फवारा. सिलिकोनची वाफ ज्योतीत जळाली की तिचे सिलिका होते, म्हणजे वाळूचेच भावंड, आणि ते काडीवर विजेला अडवणारा थर देते. तसेही सिलिकोनचा अंश लागलेल्या लाकडावर पॉलिश धरत नाही, पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. तेव्हा तो डबा माझ्या कार्यशाळेत असायलाच नको होता. आता घसरत्या भागांना मेण लावतो. त्यानंतर संपूर्ण दुसऱ्या हिवाळ्यात आकडा ३.० वरून २.६ पर्यंतच उतरला. रंग काढण्याच्या, क्लोरीन असलेल्या द्रावणांविषयी पुस्तिकेत इशारा आहे आणि तो योग्यच आहे: त्यांची वाफ जळून आम्ल तयार होते आणि ते हीटरच्या आतला उष्णता देणारा पत्रा खाते. सिलिकोनविषयी मात्र पुस्तिकेत अवाक्षर नाही, आणि घरगुती कार्यशाळेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या हीटरच्या बाबतीत ही उणीव मला मोठी वाटते.

दुसरा दोष पहिल्यापेक्षा लबाड होता, कारण तो कधी यायचा आणि कधी नाही. हीटर तासभर छान चालायचा आणि मग बर्नर विझून दोषाचा संकेत देणारा दिवा तीनदा लुकलुकायचा. पुस्तिकेनुसार तीन लुकलुकी म्हणजे प्रेशर स्विच सुटला. मी धुराची नळी उतरवून पाहिली. पक्ष्याचे घरटे नाही, पाणी साचलेले नाही, उतार बरोबर. प्रेशर स्विचची रबरी नळी फुंकून पाहिली, मोकळी. टाकी थंडीने गारठून गॅसच कमी देत असेल अशीही एक शंका घेतली, पण ती टिकली नाही: प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, आमच्या टाकीत तो आरामात वाफ होत होता. शिवाय गॅस कमी पडला असता तर ज्योतीने ते दाखवले असते आणि दिव्याचा संकेतही वेगळा आला असता.

मग एका दुपारी फळ्या रंधायच्या यंत्रावर काम करत असताना, डस्ट कलेक्टर, म्हणजे यंत्रावरची धूळ ओढून घेणारा पंखा, सुरू करून अर्धा मिनिट झाला नसेल तोच हीटर विझला. कलेक्टर बंद केला, हीटर पेटला. पुन्हा सुरू केला, पुन्हा विझला. माझा कलेक्टर धुळीची हवा भिंतीतून थेट बाहेर सोडतो. तो तासाला हजार घनमीटरहून अधिक हवा खोलीतून खेचतो. हीटरला जळण्यासाठी काय लागते? तासाला एक किलो प्रोपेन म्हणजे सुमारे अर्धा घनमीटर वायू, आणि त्याच्या चोवीस पट हवा, म्हणजे बारा घनमीटर. जादा द्यावी लागणारी हवा धरून वीसेक. दारे-खिडक्या थंडीसाठी घट्ट बंद केलेल्या खोलीत या दोघांची रस्सीखेच कशी संपणार, हे सांगायला नको. कलेक्टर खोलीतला दाब उतरवायचा आणि बाहेरची हवा मिळेल त्या वाटेने आत शिरू पाहायची. सर्वांत मोकळी वाट हीटरच्या धुराच्या नळीचीच होती. खिडकी चार बोटे उघडून पाहिली तेव्हा कलेक्टर चालू असतानाही हीटर निमूट चालत राहिला. इतके सोपे.

येथे हीटरचे मनापासून कौतुक करावे लागेल. प्रेशर स्विच वारंवार सुटतो म्हणून मी त्याच्यावर चिडलो होतो, आणि खरे तर तो आपले काम चोख करत होता. केवळ गरम धूर वर चढतो या तत्त्वावर चालणारा, पंखा आणि प्रेशर स्विच नसलेला जुना हीटर अशा वेळी विझला नसता. त्याने धूर उलट्या वाटेने खोलीत सोडला असता. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि डोके जड होणे व मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे थकवा समजून दुर्लक्षिली जातात. प्रेशर स्विच कटकट करतो म्हणून त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकण्याचा सल्ला मला एका ओळखीच्या माणसाने दिला होता. तो सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, एवढेच म्हणतो. कार्यशाळेत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म आहे, आणि त्याची बॅटरी मी हिवाळ्याच्या सुरुवातीला बदलतो. कलेक्टरजवळ भिंतीत झडप असलेला एक झरोका काढून मी हवेची सोय केली आहे. थंड हवा आत येते, पण ती हीटरच्या नळीतून येत नाही.

आता हीटर बनवणाऱ्यांकडे माझी खरी तक्रार. दोषाचा संकेत देणारा दिवा झाकणाच्या आत आहे, आणि झाकण उघडले की सुरक्षेसाठीचा एक स्विच सुटून हीटरची वीज जाते. वीज गेली की बोर्ड आपला संकेत विसरतो. म्हणजे दोष सांगणारी खूण पाहण्यासाठी जे करावे लागते, त्यानेच ती खूण पुसली जाते! झाकणाला एक इवलीशी काच आहे खरी, पण हीटर छताला टांगलेला असताना तिच्यातून पाहायला शिडीवर चढून मान तिरकी करावी लागते, आणि दोन व तीन लुकलुकींमधला फरक कळायला तो सारा क्रम दोनदा बघावा लागतो. दिवा खालच्या बाजूला आला असता, किंवा बोर्डाने मागचे काही संकेत जपून ठेवले असते, तर माझा निम्मा हिवाळा वाचला असता. फ्लेम सेन्सरपर्यंत पोहोचायलाही सहा स्क्रू आणि एक पत्रा काढावा लागतो. ज्या भागाची दर हंगामात साफसफाई अपेक्षित आहे तो इतका आत दडवण्याचे कारण मला दिसले नाही. उलट बाजूने सांगायचे तर वायरिंगचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, तो अचूक आहे आणि तारांचे रंगही त्याबरहुकूम आहेत.

मी जे केले त्याची मर्यादाही सांगायला हवी. काडी साफ करणे, अर्थिंग तपासणे, नळी व झरोका पाहणे, जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का हे पाहणे, एवढेच माझ्या हातून झाले. गॅसची झडप मी उघडली नाही आणि दाबाला हात लावला नाही. अशा बहुतेक हीटरांत बर्नरला प्रोपेन सुमारे १० इंच पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबाने द्यावा लागतो आणि नैसर्गिक वायू साडेतीन इंचांच्या. एका इंधनाचा हीटर दुसऱ्यावर चालवायचा तर नॉझल आणि झडपेतली स्प्रिंग दोन्ही बदलावी लागतात, आणि ते मीटर बाळगणाऱ्या, परवानाधारक माणसाचे काम आहे. ज्योत पिवळी, आळसावलेली दिसू लागली तरी त्यालाच बोलवावे. आणि गॅसचा वास आला तर दोष शोधत बसण्याची ती वेळ नव्हे: दिव्याच्या बटणालाही हात न लावता बाहेर पडावे आणि टाकी बाहेरून बंद करावी. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, तो जमिनीलगत, भुशाच्या ढिगांत आणि खड्ड्यांत साचतो, त्यामुळे उभ्या माणसाच्या नाकाला वास जाणवण्याआधीच खाली तो पुरेसा जमलेला असू शकतो.

धातूकाम, दुरुस्ती किंवा साठवणीच्या खोलीसाठी हा हीटर मी निःशंकपणे सुचवेन. लाकूडकाम करणाऱ्याने मात्र याच बनावटीचा, जळण्यासाठी लागणारी हवा दुसऱ्या नळीने थेट बाहेरून घेणारा प्रकार घ्यावा. तो महाग आहे आणि भिंतीत आणखी एक भोक पाडावे लागते, पण त्याच्या ज्योतीला खोलीतली धूळ, फवारे आणि कलेक्टर यांच्याशी काही देणेघेणे उरत नाही. दिवा त्यातही झाकणाच्या आतच आहे.